हत्यार आणि अधिकार

गेल्या खंडेनवमीच्या सकाळीं मीं माझ्या सायकल-दुरुस्तीच्या खोलींतील सारीं हत्यारें एका चौरंगावर मांडून त्यांची पूजा केली. खोली म्हणजे वस्तुतः घराचा मागील सज्जा होय. परंतु गेल्या चार-पांच वर्षांत तेथें सात खणांचें एक लोखंडी कपाट, भोंकें पाडलेली एक मोठी फळी, सायकल अधांतरीं टांगण्याचा एक स्टँड आणि लहानमोठीं मिळून चौसष्ट हत्यारें जमा झाल्यामुळें घरांतील मंडळी त्या जागेला 'कारखाना' म्हणूं लागली आहे. कला चौसष्ट आणि माझीं हत्यारेंहि चौसष्ट, हा योगायोग प्रथम मला सुखदायक वाटला. पण एकेका हत्याराला हळदकुंकवाचें बोट लावतांना निराळीच गोष्ट ध्यानांत येऊं लागली. चौसष्टांपैकीं निदान चाळिसांच्या अंगावर विकत आणतेवेळचा तेलकट थर अजून तसाच होता. त्यांना माझा हात असा लागलाच नव्हता.

सायंकाळीं कोपऱ्यावरच्या सायकल-मिस्त्रींच्या दुकानावरून गेलों. पत्र्याच्या त्या टपरींत त्यांनींहि आपलीं हत्यारें एका धुतलेल्या गोणपाटावर मांडून वर झेंडूचीं फुलें वाहिलीं होतीं. चार-पांच पाने, एक पक्कड, हातोडा, छिन्नी, कानस, टायर काढण्याच्या पट्ट्या, तारा कसण्याची किल्ली, पंप, आणि पंक्चर शोधण्याचें घमेलें. सारीं मिळून वीसहि भरलीं नसतीं. पान्यांचे दांडे हाताच्या घर्षणानें लकाकत होते आणि हातोड्याचा दांडा अंगठ्याच्या जागीं झिजून खोलगट झाला होता. त्यांच्या हत्यारांना त्या दिवशीं विसांवा होता. माझ्या हत्यारांचा विसांवा वर्षभर चाललाच होता.

तेव्हांपासून एक प्रश्न माझ्या मनांत घोळत आहे. हत्यार कोणाचें? ज्यानें त्याचे पैसे मोजले त्याचें, कीं ज्याला तें चालवितां येतें त्याचें? कायद्याला हा प्रश्न पडत नाहीं. पावती दाखविली कीं त्याचें समाधान होतें. पण खंडेनवमीस आपण पावत्यांची पूजा करीत नाहीं. हत्याराशीं माणसाचें कांहीं नातें असतें आणि तें खरेदीनें सुरू झालें तरी खरेदीनें पुरें होत नाहीं, ही जाणीव त्या आचाराच्या मुळाशीं आहे. तें नातें कोणतें, हें माझ्यासारख्या खडू आणि पुस्तक यांखेरीज दुसरें हत्यार न धरलेल्या माणसाला उशिरां आणि थोडें लाजत कळलें. तेंच येथें सांगावयाचें आहे.

या उद्योगाची सुरुवात निरपराध होती. २०२० सालच्या मार्चच्या २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी झाली आणि मिस्त्रींची टपरीहि बंद पडली. माझी सायकल त्याच सुमारास पंक्चर झाली. वडिलांची जुनी काळी सायकलहि जिन्याखालीं धूळ खात उभी होती. पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. त्या शहरांत वाढलेल्या, तासाच्या भाड्यानें सायकल आणून पडत-धडपडत ती शिकलेल्या मला पंक्चरहि काढतां येऊं नये याची त्या दिवशीं प्रथमच खंत वाटली. निर्बंध सैल होतांच मीं पंप, पट्ट्या, सोल्यूशनची नळी आणि ठिगळें मागविलीं. पहिलें ठिगळ दोन वेळां सुटलें, तिसऱ्या वेळीं बसलें. तो आनंद मी विसरणार नाहीं. येथवर सर्व ठीक होतें.

चूक पुढें झाली आणि ती हत्यारापासून नव्हे, कपाटापासून झाली. दहा-बारा वस्तु सज्जांत विखुरलेल्या पाहून मीं त्यांच्यासाठीं सात खणांचें कपाट आणविलें. वस्तूंना जागा हवी म्हणून कपाट घ्यावें हें सरळ आहे. पण मोठें कपाट घेतलें कीं तें उलटें मागूं लागतें. वस्तु दोन खणांत मावल्या. उरलेले पांच खण उघडले कीं रिकाम्या पोटासारखे माझ्याकडे पाहत. मग एका खणाला फ्रीव्हील काढण्याचे साचे मिळाले, दुसऱ्याला साखळी तोडण्याचें यंत्र आणि साखळीची झीज मोजण्याची पट्टी. चार, पांच व सहा मिलिमीटरच्या तीन ॲलन किल्ल्यांनीं माझें बहुतेक सारें काम भागत असतां मीं नऊ किल्ल्यांचा संच घेतला. कारण त्या खणांत नऊंचीच जागा आंखलेली होती. प्रत्येक खरेदीच्या वेळीं गरज मीं स्वतःला पटवून देत असें. माणूस आपली हांव नेहमीं भविष्यकाळांत ठेवतो; आज लागत नसेल, उद्यां लागेल. पतंजलींनीं पांच यमांत अपरिग्रहाला स्थान दिलें, तें केवळ धनिकांकरितां नसावें. पान्यांच्या संचालाहि तें लागू पडतें.

या सुखांत असतां वडिलांच्या सायकलीची पाळी आली. पाय मारतांना मधल्या आंसांतून करकर असा आवाज येई. आंतील छर्रे झिजले असावेत असा मीं तर्क केला आणि तो बरोबरहि होता. दोन्ही बाजूंच्या कॉटर ठोकून क्रँक काढले, डावीकडील कप सहज निघाला. उजवीकडील कप मात्र हलेना. त्याच्यासाठीं मीं मुद्दाम २४०० रुपयांचा लांब दांड्याचा पाना मागविला होता. कोणताहि स्क्रू सोडवितांना आपण ज्या दिशेनें फिरवितों त्याच दिशेनें मीं जोर लावला. हलेना म्हणून दांड्याला नळी अडकवून जोर दुप्पट केला. अखेर पाना निसटला, कपाच्या दोन्ही सपाट कडा गोल झाल्या, सांगाड्याचा रंग खरवडला गेला आणि माझीं बोटें सोलून निघालीं.

ती सायकल हातांत धरून, म्हणजे तिच्यावर न बसतां, मी मिस्त्रींकडे नेली. त्यांनीं वांकून पाहिलें आणि म्हणाले, "सर, ही बाजू उलटी फिरते." उजव्या कपाचे आटे डावे असतात, आणि डाव्या पेडलचेहि. पाय सारखा फिरत असतां कप व पेडल आपोआप सैल होऊं नयेत म्हणून ही योजना असते. मी सर्व शक्ति खर्च करून, उत्तम प्रतीच्या पान्यानें, तो कप सोडवीत नसून आंवळीत होतों! मिस्त्रींनीं कपाच्या कडेवर छिन्नी टेंकविली, हातोड्याचे सातआठ बेताचे ठोके योग्य दिशेनें दिले आणि कप हलला. पुढें तो त्यांनीं हातानेंच फिरवून काढला. मग माझा पाना उचलून उलटसुलट पाहत त्यांनीं विचारलें, "चांगला आहे. केवढ्याला पडला?"

मी म्हणालों, "असेल हजार-बाराशेंचा."

हें खोटें मी कां बोललों? मिस्त्री कांहीं माझ्याकडे उसनें मागत नव्हते. पण २४०० रुपये हा आंकडा त्या टपरींत उच्चारण्याजोगा नव्हता. त्यांच्या पन्नासाहून अधिक पंक्चरांची मजुरी मीं एका अशा पान्यावर खर्चिली होती, कीं जो माझ्या हातीं निरुपयोगी ठरला, आणि त्यांचें काम शेंपन्नास रुपयांच्या छिन्नीनें झालें. गरिबापुढें श्रीमंतानें किंमत लपवावी यांत सौजन्य असतें असें कोणी म्हणेल. माझ्या बाबतींत तें सौजन्य नव्हतें. ज्या वस्तूवर आपला अधिकार नाहीं ती आपल्या हातांत सांपडली म्हणजे जें वाटतें, तें मला वाटलें.

वर्गांत 'राज्यशास्त्र' शिकवितांना मीं ॲरिस्टॉटलचा एक दृष्टान्त अनेकदां सांगितला आहे. वाटण्यासाठीं उत्तम बासऱ्या असतील तर त्या कोणाला द्याव्यात? तो म्हणतो, कुलवंताला नव्हे, रूपवंताला नव्हे. जो सर्वांत चांगली वाजवितो त्याला. विद्यार्थ्यांना हें पटे आणि मलाहि पटे, कारण आम्हां कोणाच्याच घरीं बासऱ्या नव्हत्या. आतां मजजवळ होत्या. या न्यायानें माझीं चाळीस तेलकट हत्यारें सरळ कोपऱ्यावरच्या टपरींत जावयास हवींत.

परंतु हा न्याय अर्धाच आहे आणि उरलेला अर्धाहि त्याच तत्त्वज्ञानें अन्यत्र सांगितला आहे. घरें बांधूनच माणूस गवंडी होतो आणि वीणा वाजवूनच वादक होतो. म्हणजे कौशल्य आल्यावांचून हत्याराचा अधिकार नाहीं आणि हत्यारावांचून कौशल्य येत नाहीं. आपले नैयायिक याला अन्योन्याश्रय दोष म्हणतील. व्यवहारांत हा दोष रोज सुटतो. कसा सुटतो तें पाहिलें पाहिजे. शिकाऊ पोरगा उस्तादाच्या हत्यारांवर शिकतो. चुकतो, बोलणीं खातो, पुन्हां करतो. तोंपर्यंत हत्याराचा अधिकार उस्तादाकडे असतो आणि चुकीची जबाबदारीहि त्याच्याचकडे असते. माझ्यासारखा घरगुती कारागीर ही पायरी गाळून पैशानें थेट मालक होतो. म्हणून मला वाटतें कीं कौशल्याआधीं घेतलेलें हत्यार हें पाप नव्हे, पण कर्ज खास आहे. दुकानदाराचें देणें फिटलें तरी हें कर्ज उरतें. आणि तें फिटतें तें वापरानें, चुकीनें आणि कोणापुढें तरी ती चूक कबूल करण्यानें.

येथें माझे एक स्नेही मला अडवितात. ते म्हणतात, "तुमच्या घरीं न वाचलेलीं दोनशें पुस्तकें आहेत; त्यांचें कर्ज वाटत नाहीं, मग न वापरलेल्या पान्याचेंच कां वाटावें?" आक्षेप मार्मिक आहे. सुरेख घडविलेली वस्तु जवळ असावी, तिचा तोल हातांत घेऊन पाहावा, यांत एक निर्मळ सुख आहे आणि तें नाकारण्याइतका मी विरक्त नाहीं. पण न समजलेलें पुस्तक बहुधा वाचणाराचेंच नुकसान करतें. चुकीचा फिरविलेला पाना दुसऱ्याचें करतो.

याचा प्रत्यय मला एका लहान प्रसंगानें आला. माझ्या सायकलीचे ब्रेक मी दोन वर्षें स्वतः नीट करीत आलों आहें आणि त्या सायकलीवरून उतारानें निःशंक जातों. गेल्या वर्षीं मुलीच्या सायकलीचे ब्रेक सैल झाले. तींच हत्यारें, तेच हात. मीं तार ओढली, नट आंवळला, चाक फिरवून पाहिलें. सर्व ठीक वाटलें. आणि तरीहि दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती महाविद्यालयाला निघण्यापूर्वीं मी ती सायकल मुकाट्यानें मिस्त्रींकडे नेऊन म्हणालों, "जरा बघतां का?" त्यांनीं दोन वेळां ब्रेक दाबला आणि मान हलविली, काम बरोबर होतें. पैसे घेतले नाहींत. परतीच्या वाटेवर मला उमगलें कीं माझ्या अधिकाराची सीमा कोणती हें मीं आपणहून दाखवून दिलें होतें. स्वतःचा जीव मी माझ्या कामावर टांगूं शकत होतों, मुलीचा नाहीं. हौस आणि अधिकार यांतील अंतर मोजण्यास याहून चांगली पट्टी मला ठाऊक नाहीं. ज्या कामावर आपण दुसऱ्याला निर्धास्तपणें बसवूं, तेवढेंच काम आपल्याला येतें. आणि त्या कामाचीं हत्यारेंच तेवढीं आपलीं.

या पट्टीनें पाहिलें म्हणजे इतिहासांतील दोन ओळखीच्या गोष्टी निराळ्या दिसूं लागतात. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक असतांना, १८८८ सालीं, किर्लोस्कर बंधूंनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान सुरू केलें. तेथें विक्री होई तशी दुरुस्तीहि होई. त्यांतूनच पुढें कडबा कापण्याचें यंत्र आलें, लोखंडी नांगर आला आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. एका शिक्षकानें हत्यार हातीं धरलें तर तें कोठवर नेऊं शकतें याचें हें उदाहरण माझ्यासारख्या शिक्षकाला सुखावणारें आणि तितकेंच ओशाळविणारें आहे. कारण त्या दुकानांत येणारी मोडकी सायकल दुसऱ्याची असे आणि नीट करून ती दुसऱ्यालाच परत द्यावी लागे. दुसरी गोष्ट अमेरिकेंतील डेटन गांवच्या राइट बंधूंची. तेहि सायकलवालेच. १९०३ सालीं त्यांच्या विमानाचें एंजिन त्यांच्या दुकानांतील चार्ली टेलर या कारागिरानें सुमारें सहा आठवड्यांत घडविलें, आणि त्याच्यापाशीं मोठीं यंत्रें म्हटलीं तर एक लेथ आणि एक भोंक पाडण्याचें यंत्र एवढींच होतीं. विमानाच्या पंख्यांना गति देण्यासाठीं सायकलीच्याच धर्तीची सांखळी वापरली होती. थोड्या हत्यारांनीं मोठें काम होतें एवढाच याचा अर्थ काढला तर तो उथळ होईल. त्या हत्यारांवर इतरांचीं कितीतरी कामें आधीं पार पडलीं होतीं आणि त्यांचें कर्ज केव्हांच फिटलें होतें, हा खरा अर्थ.

मग घरीं दुरुस्ती करूं पाहणारानें काय करावें? मीं स्वतःपुरता एक नियम केला आहे. एखादें काम प्रथम निघालें म्हणजे तें मिस्त्रींकडून करवून घ्यावें आणि शेजारीं उभें राहून पाहावें. दुसऱ्यांदां निघालें तर त्यांच्या नजरेखालीं स्वतः करावें. तिसऱ्यांदां निघालें तरच त्याचें हत्यार घ्यावें आणि तें मात्र चांगलें घ्यावें. येथें काटकसर करणें मला अनीतीचें वाटतें. स्वस्त पान्याचें तोंड जोर लावतांच फांकतें आणि नटाच्या कडा खातें. म्हणजे पैसे वांचतात आपले आणि झीज होते कामाची. कपाटाविषयींहि असेंच. कपाट आज असलेल्या हत्यारांना पुरेल एवढेंच असावें आणि पावसाळ्याआधीं प्रत्येकावर तेलाचा बोळा फिरवितां येईल इतकींच हत्यारें असावींत. ज्यांना आपण वर्षांतून एकदांहि पुसूं शकत नाहीं तीं आपण बाळगीत नाहीं, गंज बाळगतो.

खणांचें कपाट आतां मीं अर्धें रिकामें केलें आहे आणि रोजचीं हत्यारें फळीवर टांगलीं आहेत. कारखान्यांत करतात त्याप्रमाणें प्रत्येक हत्याराभोंवतीं त्याची आकृति रंगानें काढली, म्हणजे कोणतें जागेवर नाहीं तें तत्काळ दिसतें. वैशेषिकांनीं अभाव हा सातवा पदार्थ मानला आणि नैयायिकांनीं तो प्रत्यक्ष दिसतो असें प्रतिपादिलें. भूतलावर घट नाहीं हें डोळ्यांनीं कसें दिसेल, अशी शंका माझे विद्यार्थी नेहमीं घेतात. त्यांना आतां मी सज्जांत आणून ती फळी दाखवितों. पक्कड नाहीं हें तेथें पकडीइतकेंच स्पष्ट दिसतें. पण त्या फळीनें मला आणखी एक गोष्ट शिकविली. पहिले कित्येक महिने ती भरलेली असे आणि मी तिच्याकडे कौतुकानें पाहत असें. जेथें काम चाललें आहे तेथील फळी भरलेली नसते, हें ध्यानांत यावयास मला वेळ लागला.

राहिली ती देण्याची गोष्ट. खंडेनवमीनंतरच्या रविवारीं मी चाकाचा आउट काढण्याचा माझा स्टँड उचलून मिस्त्रींकडे नेला. त्या पांच वर्षांत मीं तो दोनदांच वापरला होता आणि दोन्ही वेळां चाक अधिकच वेडेंवांकडें झालें होतें. ॲरिस्टॉटलचा न्याय अंमलांत आणण्याच्या समाधानांत मी होतों. मिस्त्रींनीं स्टँडकडे पाहिलें, हंसले आणि म्हणाले, "मला कशाला, सर? मी चाक चिमट्यांतच ठेवून बघतों. अंगठ्याला कळतें." तत्त्वज्ञाच्या ध्यानीं न आलेली ही गोष्ट होती: उत्तम वादकाला उत्तम बासरीची गरज बहुधा सर्वांत कमी असते.

मी गोंधळून उभा राहिलों. तेव्हां मीं विचारलें, मजसारखे लोक घरींच दुरुस्ती करूं लागले तर तुमच्या धंद्याचें काय होईल? ते म्हणाले, "घरीं करणारे वाढले तर माझें काम वाढतेंच." आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून पुढें म्हणाले, "स्टँड राहूं द्या तुमच्याकडे. वांकडें झालेलें चाक घेऊन या एक दिवस. दाखवितों."

गेल्या कांहीं रविवारीं मी सकाळीं तासभर त्या टपरींत एका उलट्या डब्यावर बसून चाक फिरवितों. तार उजवीकडची सैल करावी आणि डावीकडची आंवळावी, पण पाव फेऱ्याहून अधिक नाहीं. एका जागेचा दोष तेथेंच काढूं गेलें तर तो समोर निघतो. हें सर्व मला पुस्तकांत वाचून माहीत होतें आणि कळलें मात्र आतां. मधून मधून माझे विद्यार्थी रस्त्यानें जातांना थबकून पाहतात. प्रथम मला संकोच वाटे.

परवांच्या रविवारीं चाक जवळजवळ सरळ आलें. मिस्त्रींनीं अंगठा लावून पाहिलें, एक तार पाव फेरा फिरविली आणि "जमेल" एवढेंच म्हणाले. उठतांना मी त्यांना म्हणालों, "त्या पान्याची किंमत मीं तुम्हांला खोटी सांगितली होती. चोवीसशें होती."

"माहीत होतें मला," ते म्हणाले. "चांगला आहे पाना. कधीं लागला तर मागून घेईन."

फळीवरील त्या पान्याची आकृति अजून रिकामी झालेली नाहीं. पण ती कधीं तरी रिकामी होईल आणि पाना कोठें आहे हें मला ठाऊक असेल, या विचारानें तो पाना आतां मला थोडासा माझा वाटूं लागला आहे.